दुर्बिणीच्या चुकविलेल्या दोन तारखा

सौ. अनुसयेस सप्रेम जयभीम.

मी, दादाजी तुकाराम मेश्राम, वय चौऱ्याहत्तर, माजी पोलीस पाटील, नागपुराहून सत्य लिहून देतो की, माझ्या मूत्राशयातील गाठ काढल्यावर दर तीन महिन्यांनी दुर्बिणीने तपासणी सांगितली होती. "आता गरज नाही," हे मी तुला खोटे सांगितले. परिचारिकांसमोर विवस्त्र होण्याची लाज वाटली. दोनदा गेलोच नाही.

गाठ परतली आहे. मंगळवारी मूत्राशय काढून पोटावर लघवीची पिशवी लावतील.

मेघा रडत म्हणाली, "बाबा, आईले काहून फसवलं?"

तुझे गुडघे कसे आहेत? अंगणातल्या बाजेवर पूर्वीप्रमाणे माझ्याजवळ बसशील काय, ते कळवावे.

समक्ष हजर साक्षीदार: लेक मेघा, जावई अंकुशराव. मी हे वाचून दाखविताना दोघांनीही वर पाहिले नाही.