उन्हातली पिल्लं

प्रिय ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी कपाळाला आठ्या घालशील आणि मग खोलीचं दार लोटून हे वाचशील. सुनावणीनंतर आपण एकमेकींशी बोललेलो नाही. त्या दिवशी तू तेलकंपनीच्या बाजूला बसलीस, मी मत्स्यबीज केंद्राच्या, आणि मधल्या टेबलावरून आपण अनोळखी बायकांसारख्या एकमेकींना 'मॅडम' म्हणत होतो. घरी आल्यावर आई म्हणाली, "दोघी मासे शिकलात आणि माशांवरूनच भांडलात." स्वतःशीच हसली, पण ताटावर बसली ती नुसतीच.

आई तशी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढायचं सोडत नाही. मधूनमधून फोन उचलून कानाला लावते आणि विचारते, "हा बिघडलाय का गं?" कुणाचा फोन येत नाही म्हणून, ते ती सांगत नाही आणि मीही विचारत नाही. माझ्या पायाला मात्र भिंगरी लागलीय. केंद्रात बसून हे पत्र लिहितानाही मी दोनदा उठून गच्चीवर जाऊन आले. तिथे आता रिकाम्या टबांशिवाय काही नाही, तरी जाते.

सुनावणीत तू म्हणालीस की सांडलेल्या तेलाचा तवंग खाडीवरून काढून झालाय, पाण्यात उरलेलं तेल इतकं थोडं आहे की माशांच्या पिल्लांना त्यानं काही होणार नाही. मी ते खोटं आहे असं तेव्हाही म्हटलं नव्हतं. मी फक्त म्हणाले, केंद्रातली पिल्लं खाडीत सोडायला अजून थोडं थांबू. का, ते मला सांगता येईना. "कारण नसेल तर ते मत नसतं, नुसती भीती असते," असं तू सगळ्यांदेखत म्हणालीस. लागलं मला. पण बोललीस ते बरोबरच होतं.

कारण मिळालं ते रंगाऱ्यांमुळे. केंद्रातल्या आमच्या मोठ्या खोलीला रंग द्यायचा होता. त्या वासानं पिल्लांना त्रास होईल म्हणून मी टब गच्चीवर नेले. त्यात खाडीचं पाणी भरलेले दोन टबही होते. खोलीत त्यांतली पिल्लं मजेत होती. त्यातला एक टाकीच्या सावलीत आला, दुसऱ्याला जागा उरली नाही म्हणून तो उन्हात राहिला. दुपारी वर गेले तर सावलीतली पिल्लं पोहत होती आणि उन्हातली तळाशी पांढरी पडून होती. शेजारीच स्वच्छ पाण्याचा टब त्याच उन्हात होता, त्यातलं एकही मेलं नव्हतं.

मला आधी वाटलं, पाणी तापलं असेल. म्हणून दुसऱ्या दिवशी नवी पिल्लं घेऊन सगळे टब उन्हातच, पण गार पाण्याच्या हौदात ठेवले. पुन्हा तेच. मग खिडकीच्या काचेला लावतात ती ऊन रोखणारी फिल्म आणून एका टबावर ताणून बसवली. उजेड आत जात होता, फक्त कातडी भाजणारं ऊन अडत होतं. त्या टबातली पिल्लं जगली. मी तिथेच हौदाच्या पाण्यात पाय सोडून बसले, आणि भांडणानंतर मला पहिल्यांदा तुझी आठवण आली. तूच मला सूक्ष्मदर्शकाखाली पहिलं पिल्लू दाखवलं होतंस. काचेसारखं आरपार, आत हृदय धडधडताना दिसत होतं. मी घाबरून म्हणाले होते, याला कुणी कातडीच दिली नाही का?

तेच झालंय, ताई. पाण्यातलं थोडंसं तेल पिल्लाच्या अंगात मुरतं. सावलीत ते तेल नुसतं पडून राहतं. पण ऊन त्या आरपार अंगात शिरतं आणि तेच तेल आतल्या आत विष होऊन बसतं. मी नंतर वाचून पाहिलं, इतरांनाही हे दिसलेलं आहे. तुझी प्रयोगशाळा तळघरात, ट्यूबलाइटखाली. तिथे तुझी पिल्लं जगली ती खरोखरच जगली. खाडीच्या तोंडाशी मात्र पाणी गुडघाभर आणि नितळ, आणि आम्ही पिल्लं तिथेच सोडणार होतो.

केंद्राच्या साहेबांना हे सांगितल्यावर ते खूश झाले. म्हणाले, "आता तुमच्या ताई तावडीत सापडल्या." पिल्लं सोडायचं त्यांनी तिथल्या तिथे थांबवलं, आणि पुढच्या सोमवारी मी सुनावणीच्या समितीपुढे उभं राहून तुझा अहवाल खोडून काढायचा, असं ठरवलं. मी हो म्हणाले आहे, कारण हे सांगायलाच हवं. पण तू ते समोरच्या खुर्चीत बसून, सगळ्यांबरोबर पहिल्यांदा ऐकावंस हे मला सोसणार नाही. म्हणून त्याआधी तू ये. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. पाणी तुझं आण, टब तुझे आण, पिल्लं तुझ्या हातानं सोड. तुझी पिल्लं त्या उन्हात जगली तर मी सोमवारी बोलायला उठणार नाही. मेली, तर तुझा अहवाल तूच मागे घे, मी शेजारी उभी राहीन. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तू तिलाच भेटायला आलीस असं तिला वाटेल. वाटू दे.

तुझीच,
बुटकी