शेणाने सारवलेले स्टेडियम

मंगळवार, ३ नोव्हेंबर १९३६. बारामती

स्टेडियम! शब्द ऐकून मी शाळेच्या ओसरीवरच हसले. गावच्या क्लबाचे मेंबर अकरा, त्यातले सहा नुसते पत्ते कुटायला येतात, आणि यांना पाचशे माणसं बसतील असं टेनिसचं स्टेडियम हवं! अध्यक्ष आप्पासाहेब, उसाचे बडे बागाईतदार. मुंबईला एक मॅच पाहून आले. खेळ कळला नाही, बसायच्या पायऱ्या मात्र फार आवडल्या. "जिल्ह्यात न्हाय असं करायचं," म्हणाले म्हणे. हे सांगायला क्लबाचे सेक्रेटरी मोहनराव वकील स्वतः शाळेत आले होते.

मग खरं काम बाहेर आलं. कोर्टाची मापं कुणालाच ठाऊक नाहीत! "कौसल्याबाई, तुम्ही पुण्याला बोर्डिंगात असताना खेळत होता असं कानावर आलं..."

खेळत होता! तीन वर्षं बोर्डिंगचा कप दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ दिला नाही मी. लांबी अठ्ठ्याहत्तर फूट, रुंदी छत्तीस, जाळी मधोमध तीन फूट उंच — सगळं तोंडपाठ सांगितलं. त्यांनी कुणा अशिलाच्या अर्जाच्या पाठीमागे उतरवून घेतलं. पण मीही फुकट दिलं नाही. दर बुधवारी पाच ते सहा कोर्ट बायकांना मिळालं पाहिजे, असं रोखठोक सांगितलं. "अहो, हे काय सांगायला हवं? आम्ही सुधारक माणसं!" — इति वकील. लेखी घ्यायला हवं होतं.

सात वर्षं झाली रॅकेट हातात धरून. आज ट्रंकेतून काढली. वेड्यासारखा आनंद झाला, इथं लिहायला काय हरकत आहे?

शुक्रवार, २० नोव्हेंबर

पायऱ्या बांधून झाल्या. कोर्टाचा पत्ता नाही. आधी बघे, मग खेळ!

सोमवार, ३० नोव्हेंबर

कोर्ट झालं आणि फाटलं! मुरूम टाकला, पाणी मारलं, रस्त्याचा रूळ आणून चार दिवस फिरवला. उन्हानं असं तडकलं की भेगेत बोट जाईल. सगळे मेंबर भोवती उभे राहून एकमेकांना शास्त्र समजावत होते. शेवटी आप्पासाहेबांनी आपल्या मळ्यातून कुशाबाईला बोलावलं. दरसाल त्यांचं ज्वारी मळायचं खळं तीच करते.

तिनं टाचेनं एक ढेकूळ उकरलं, चुरडलं, टाकून दिलं.

"खळं करायचं हुतं तर आदी मला न्हाय का सांगायचं?"

"कुशाबाई, हे टेनिस कोर्ट आहे," वकील म्हणाले.

"आसंल. पर भुई त्येच मागती ना?"

अकरा मेंबरांत मिळून इतकी अक्कल निघाली नसती.

बुधवार, ९ डिसेंबर

आठ दिवसांत कुशाबाईनं आणि तिच्या चार बायांनी जमीन उकरली, भुसा मिसळून भिजवली, बैलांनी तुडवून घेतली, लाकडी चोपण्यांनी चोपली आणि वर शेणाचा काला फिरवला. काय जमीन झाली आहे! शाळा सुटल्यावर मी एक बॉल टाकून पाहिला. सरळ वर आला. मला तर तिथंच खेळायला लागावंसं वाटलं.

एक घोटाळा झाला. जाळीला दोन बाजूंना दोन खांब हवेत हे तिला कुणी नीट सांगितलंच नाही. खळ्याच्या मधोमध बैल फिरवायला तिवडा रोवतात, तसा तिनं कोर्टाच्या बरोबर मध्यावर एकच भक्कम खांब रोवला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. वकील कपाळ धरून बसले. "खळ्याला दोन तिवडं आसत्यात व्हय?" ती उलट त्यांनाच विचारत होती.

गुरुवार, १७ डिसेंबर

मधला खांब उपटून कडेला दोन रोवले, आणि काल पहिला खेळ झाला. मोहनराव नवेकोरे कॅनव्हासचे बूट घालून आले. कडेला कुशाबाई उभी होतीच.

"वकीलसायेब, पायताण काढा! खळ्यात पायताण घालून कुणी जातंय व्हय?"

आणि वकिलांनी काढले! कोर्टात जज्जाशी वाद घालणारा माणूस मुकाट्यानं अनवाणी टेनिस खेळला. धोतर सावरत, ठेचाळत, चार बॉलांत एक परतवत. पायऱ्यांवर दोनशे माणसं होती, कुणाला काही कळत नव्हतं, पण वकील पडले की टाळ्या पडत. पैसा वसूल करमणूक!

आज सकाळी मेंबरांना आपली अब्रू आठवली. फाटकावर पाटी लागली: "बुटाशिवाय आत प्रवेश नाही." म्हणजे जिनं जमीन केली तिलाच तिथं पाय ठेवायची बंदी. वाचून दाखवली तेव्हा कुशाबाई म्हणाली, "मग दर आटवड्याला सारवायचं कुणी? बूट सारवत्यात का?" मला हसू आलं आणि संतापही आला.

बुधवार, २३ डिसेंबर

पाच वाजता शाळेच्या दोन शिक्षिकांना घेऊन फाटकावर गेले. रॅकेट हातात. गड्यानं अडवलं. "बायकांचं कायबी सांगितलं न्हाय." मोहनरावांना बाहेर बोलावलं. त्यांची नजर माझ्या पदराच्या टोकावर. "आप्पासाहेबांचं मत जरा..." तेवढ्यात आप्पासाहेबच आले.

"बायांनी पळायचं आन् पाश्शे माणसांनी पायऱ्यांवर बसून बघायचं? बरं दिसंल का, मास्तरीणबाई?"

पायऱ्या कुणी मागितल्या होत्या? मी? हे तोंडावर म्हणायला हवं होतं. रॅकेट पदराखाली झाकून परत आले — चोरी करून आल्यासारखी. घरी येऊन रडले.

रविवार, १० जानेवारी १९३७

आज मोहनराव माझ्या दारात. स्वतःहून. पायात वहाणा आणि तोंडात साखर.

पुढच्या रविवारी स्टेडियमचं उद्घाटन. पुण्याहून कुणी बडा साहेब येणार, आणि त्याच्या मडमेला टेनिसचा षोक. तिनं कळवलं आहे, एखाद्या 'इंडियन लेडी'बरोबर एक सेट खेळायला आवडेल. आता उभ्या बारामतीत रॅकेट धरणारी लेडी कोण?

"आणि बघ्यांचं काय? बरं दिसेल का?" मी विचारलं.

"अहो, आता आप्पासाहेबच म्हणतात, बाईंना आग्रह करा!" मग आवाज उतरवून: "फक्त एक करा. हरा. अगदी सहज, शोभेल असं. मडम खूष झाली म्हणजे बुधवारचा तास मी सोमवारी मंजूर करून आणतो. शब्द!"

यांचा शब्द! मी म्हटलं, "बघते." त्यांना तो होकार वाटला. वकील!

बुधवार, १३ जानेवारी

मडमेचं वय पन्नाशीच्या घरात, चांगली जाडजूड आहे म्हणे. मी अठ्ठावीस. रोज शाळेच्या मागच्या भिंतीवर तासभर बॉल मारते आहे. खांदा भरून आला आहे. पाचशे माणसांसमोर त्या मडमेला धूळ चारणार आणि आप्पासाहेबांचा चेहरा बघणार. तास गेला खड्ड्यात.

कुशाबाई सारवायला चालली होती — पाटीचा हुकूम मोडून, वकिलांच्याच विनवणीवरून! तिला म्हटलं, मला हरायला सांगितलं आहे.

"आन् तुमी हरणार?"

"मुळीच नाही."

"मग बडवा की! भुई मी करून देती झ्याक."

शनिवार, १६ जानेवारी

इंदापूरहून आईचं पत्र. "चारचौघांत धावू नकोस, आधीच स्थळं येत नाहीत." स्थळं! काल शाळेत आलेलं एक स्थळ मला विचारत होतं, बॉल आतून पोकळ असतो का.

रविवार, १७ जानेवारी

आज काही लिहीत नाही.

सोमवार, १८ जानेवारी

मधल्या सुट्टीत मोहनराव पेढे घेऊन शाळेत आले. अक्षरशः हात जोडले. "काय बेमालूम हरलात, कौसल्याबाई! सहा-एक! धापा टाकल्यात, घसरून पडलात, शेवटी डोळ्यांत पाणीसुद्धा आणलंत — मडमेला काडीचा संशय आला नाही! आप्पासाहेब म्हणाले, बाई फार शहाणी. बुधवारचा तास मंजूर, हा घ्या ठराव, लेखी."

मी ठराव घेतला. पेढाही खाल्ला. काल एकसुद्धा बॉल मी मुद्दाम सोडला नव्हता.