अंड्यांच्या गाडीचे पाटे

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून गाडीचा विषय हातात घेतला. काल मेहुण्याने नवाकोरा ट्रक दारात आणून लावला आणि आमच्या छोट्या ट्रककडे बघत विचारलं, भावोजी, ही उभी आहे की बसलीय? सगळे हसले. बायकोही हसली, ते जास्त लागलं. गाडी मागून थोडी दबलीय, मान्य. पण मागच्या दोन्ही कमानींत, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांत, दोन-दोन लोखंडी पाटे वाढवले की झाली ताठ. एवढ्याशा कामाला फिटर कशाला? शनिवारपर्यंत उरकतो.

३ फेब्रुवारी, मंगळवार
बायकोला प्लॅन सांगितला. म्हणाली, आपली गाडी अंडी वाहते, डोंगर नाही. अंड्यांचा धंदा तिचा, गाडी माझी, त्यामुळे प्रत्येकाने आपापलं डिपार्टमेंट सांभाळावं. येत्या सोमवारी मोठ्या हॉटेलची पहिली ऑर्डर आहे. तिथल्या मॅनेजरचे ती किती महिने उंबरे झिजवत होती. माल धड पोचला तर वर्षभराचं काम पक्कं. म्हटलं, म्हणूनच तर! हॉटेलच्या दारात कंबर मोडलेली गाडी नेणार का? ती उठून अंडी मोजायला गेली. पटलं असावं.

४ फेब्रुवारी, बुधवार
भंगारवाल्याकडून पाटे आणले. आपल्या गाडीचे नव्हते, म्हणून मोठ्या ट्रकचे घेतले. जास्त मजबूत. त्याने विचारलं, गाडीत काय नेता? मालवाहतूक, म्हटलं. सगळा तपशील सांगत बसायला वेळ नव्हता.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
काल आराम. (विचार चालू होता.) आज काम सुरू. बोल्ट गंजलेले. पाना लावला, ढिम्म. पान्यावर उभा राहिलो. पान्यासकट खाली आलो. आई खिडकीतून म्हणाली, अरे, फिटरला बोलाव. आईला इंजिनिअरिंगमधलं काही कळत नाही. मीही शिकलेलो नाही, पण ते अंगातच असावं लागतं. उजवी बाजू फत्ते. कोपराला आयोडीन.

७ फेब्रुवारी, शनिवार
डावीकडे एकच पाटा बसला. दुसऱ्याला बोल्ट आखूड पडला. गाडी किंचित डावीकडे कललीय. रस्तेसुद्धा कडेला उतरतेच असतात, कुणाच्या लक्षात येणार नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
टेस्ट! मागे वाळूची पोती भरून दोन फेऱ्या मारल्या. लोण्यासारखी चालली. पोती उतरवली तर मागची बाजू मेहुण्याच्या ट्रकपेक्षा वर! त्याला मुद्दाम बोलावून दाखवलं. म्हणाला, भावोजी, ही आता वाकून खाली पडलेलं काहीतरी शोधतेय. जळतो. हेडलाइट जरा बंपरसमोरच पडतात, पण त्यामुळे खड्डे स्पष्ट दिसतील.
बायकोने विचारलं, रिकामी चालवून बघितली का? म्हटलं, रिकामी गाडी कोण चालवतं? ती म्हणाली, अंड्यांचे ट्रे भरले काय आणि नाही काय, या पाट्यांना पत्ता तरी लागणार आहे का? उगाच काहीतरी शंका.

९ फेब्रुवारी, सोमवार, सकाळ
ट्रे चढवायला बायकोला स्टूल घ्यावं लागलं. उंची म्हणतात ती ही. निघतो.

त्याच दिवशी, दुपार
पहिल्याच गतिरोधकावर मागची बाजू उडाली. खाली आली, पुन्हा उडाली. मागून वाळलेली पानं तुडवल्यासारखा आवाज आला. शेजारी बसलेली बायको म्हणाली, थांबवा. म्हटलं, ट्रे सरकले असतील, एवढं काय? थांबलो नाही. आता थांबलं तर उशीर होईल, असा माझा हिशेब.
हॉटेलात मॅनेजरने ताडपत्री उचलली. फळीतून पिवळा रस गळत होता, त्यातही सगळा डावीकडून. तो म्हणाला, बाई, अंडी फोडायला आमच्याकडे आचारी आहेत. बायको हसली नाही. येताना ती खिडकीबाहेर बघत होती आणि पदराने डोळे पुसत होती. मला फार वाईट वाटलं. रस्त्यांची अवस्था भयंकर आहे. उद्या तक्रार करतो.

११ फेब्रुवारी, बुधवार
तक्रार राहिली. बायको स्वतः जाऊन मॅनेजरला भेटली. शुक्रवारी एक शेवटची संधी. म्हटलं, आजच्या आज पाटे काढतो. ती म्हणाली, गाडीला हात लावू नका. माल तिच्या भावाच्या ट्रकमधून जाणार. मी सावध केलं की त्याच्याही कमानी कडकच आहेत. म्हणाली, माहीत आहे, म्हणून ट्रेखाली आपल्या गाद्या घालणार आहे. म्हणजे उद्या रात्री फरशीवर झोपायचं. पाठीला चांगलं असतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
एकही अंडं फुटलं नाही. वर्षभराचं काम मिळालं. बायको घरात शिरली तीच हसत. आईच्या गळ्यात पडली, भावाच्या पाठीवर थाप मारली. मलाही आनंद झाला, अगदी खरा. पण मला कुणी काही विचारलंच नाही.
संध्याकाळी नवी कामं ठरली. गाडी मेहुण्याची, हिशेब बायकोचा. माझ्याकडे क्वालिटी कंट्रोल, म्हणजे परत आलेले ट्रे धुणे.

१६ फेब्रुवारी, सोमवार
वीटभट्टीवाला आपली गाडी भाड्याने घेऊन गेला. दारासमोरून विटा भरून गेली तेव्हा ट्रे टाकून बाहेर धावलो. मागून ना वर, ना खाली. अगदी सरळ, ऐटीत! म्हणजे पाटे बरोबरच होते, माल चुकीचा होता. बायकोला हाका मारून बोलावलं आणि दाखवलं. तिने गाडी वळणाआड जाईपर्यंत नीट बघितली. म्हणाली, छान दिसते हो.
मग विचारलं, ट्रे वाळले का?
नव्हते वाळले.