अशी मारायची असते

इंदिरानगर, नाशिक
शुक्रवार

प्रिय हिरामण,

तुझं पत्र आणि सोबतचा कागदांचा गठ्ठा मागच्या शनिवारीच मिळाला. येत्या सोमवारी तुझी चौकशी आहे, निलंबन उठतं की नोकरीच जाते ते त्या दिवशी ठरणार, आणि त्याआधी मी चार ओळी लिहून द्याव्यात एवढंच तुझं मागणं. 'बाई, तुम्ही मला मारून मारून घडवलंत, तसंच मी या पोरांना घडवायला गेलो, एवढं लिहून द्या. तुमच्या शब्दाला वजन आहे.' चार ओळींना मी सहा दिवस लावले. पत्राला उशीर करणारी बाई मी नव्हे, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तू रोज फोनकडे बघत असशील, मुलीच्या कॉलेजच्या फीचा विचार करत असशील. मला तुझी काळजी वाटत नाही असं समजू नकोस. तीस वर्षांच्या नोकरीत माझा सगळ्यात लाडका विद्यार्थी तूच, हे मी तुझ्या तोंडावर कधी बोलले नाही, आज लिहून टाकते.

आधी घरातली एक गोष्ट सांगते. कंटाळू नकोस, तिचा तुझ्या कागदांशी संबंध आहे. माझी नात वेदिका आता नववीत आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचली, तिचे फोटो मोबाईलवर टाकले, आणि खाली मैत्रिणींनी ओळीनं एकच शब्द लिहिला. स्ले, स्ले, स्ले. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. म्हटलं, अगं, ह्या पोरी तुला ठार मारायला निघाल्या आहेत का? ती खो खो हसली. म्हणाली, 'आजी, चिल. म्हणजे एकदम भारी नाचलीस, तोडलंस.' मी जुना शब्दकोश काढून बसले. जुन्या इंग्रजीत त्या क्रियापदाचा अर्थ नुसता 'प्रहार करणे' असा होता. हातानं मारा, हातोड्यानं मारा. त्यातून तो जिवे मारण्यावर गेला, तलवारी आणि राक्षसांच्या गोष्टींत रुतून बसला. पुढे कोणी फार हसवलं तर लोक म्हणू लागले, अरे मारलंस मला. मग न्यूयॉर्कमध्ये समाजानं बाहेर टाकलेले काळे तरुण नटूनथटून नाचाच्या स्पर्धांत उतरायचे, त्यांच्या तोंडी तो शाबासकीचा झाला, आणि तिथून फिरत फिरत आमच्या इंदिरानगरातल्या नववीच्या पोरींपर्यंत आला. हजार वर्षांत शब्दाच्या अंगावरचं रक्त सगळं धुऊन निघालं. आपण मराठीत गप्पा मारतो, मिठी मारतो, बाजी मारतो, कोणाच्या अंगावर वळ उठत नाही, तसंच ते. एरवी मला या गोष्टीचं कौतुक वाटलं असतं. पण त्या शब्दाची तिन्ही रूपं मी तुमच्या आठवीच्या वर्गात कशी शिकवली ते आठवलं आणि मी कोश मिटून ठेवला.

स्ले, स्लू, स्लेन. तीन रूपं, तीन फटके. फूटपट्टी लाकडी होती, कडेला पितळेची पट्टी बसवलेली, आणि मी ती आडवी धरत नसे, कडेवर धरत असे. बोटांच्या पेरांवर बसली की कातडी फाटायची. थंडीत तर एका फटक्यात. मुलं हात मागे घ्यायची, मग एक जादा. एकदा एका मुलीचं नख निघून वहीवर पडलं, तर मी वही खराब केली म्हणून तिला पुन्हा मारलं. पहिल्या बाकावरचा एक जण माझी चप्पल वाजली तरी चड्डी ओली करायचा, आणि वर्ग हसायचा, आणि मीही हसायची. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. घरी सासूचं ऐकून यायचं, नवऱ्याचं ऐकून यायचं, आणि मग पन्नास पोरं माझ्या हाताकडे बघत थरथरत बसलेली. पालक येऊन सांगायचे, बाई, अजून ठोका. सगळ्याच शाळांत तसं होतं म्हणून सुटका करून घेता येते, मीही इतकी वर्षं घेतली.

पण हिरामण, तुझं पत्र वाचताना माझी गाडी एका वाक्यावर अडली. 'तुम्ही मला मारून मारून घडवलंत.' अरे, तुला मी कधी मारलं? तुझं एकही उत्तर चुकत नसे. माझ्या वर्गाची रीत तू विसरलास का? ज्याला उत्तर येईल त्यानं न आलेल्यांच्या थोबाडीत द्यायची. माझा हात दुखायचा म्हणून मी ती रीत काढली होती. आणि उत्तर कायम तुलाच यायचं. वर्षभर माझ्या वर्गात मारत होतास तो तू. रांगेनं उभ्या असलेल्या वीस-वीस मुलांच्या गालावर तुझी बोटं उठायची. तुझ्या लक्षात मात्र राहिलं ते मार खाल्ल्याचं. मी दोन दिवस विचार करत होते, असं कसं झालं असेल, आणि मग तो एकच मार मला आठवला.

सहादू आणि तू एका बाकावर बसायचात, एका डब्यातली भाकरी खायचात. त्या दिवशी त्याला 'स्लू' आलं नाही. तू सांगितलंस. मी म्हटलं, दे. तू त्याच्या गालाला नुसता हात लावलास, माशी उडवावी तसा. माझं डोकं सणकलं. मी तुला पुढे ओढलं, म्हटलं, 'याला मारणं म्हणतात? अशी मारायची असते,' आणि अंगातलं सगळं बळ लावून तुझ्या मुस्काटात दिली. तू फळ्यावर आदळलास. ओठ फुटला. मग तू वळलास, बाकाशी परत गेलास आणि सहादूला मारलीस. तो आवाज माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. सहादू बाकावरून खाली गेला, डोकं बाकाच्या लोखंडी पायाला लागलं, आणि उठला तेव्हा डाव्या कानातून रक्ताची धार कॉलरीत उतरत होती. मी काय केलं सांगू? मी म्हणाले, 'व्हेरी गुड, हिरामण,' आणि वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. त्याच्या बापाला मी सांगितलं की विहिरीत पोहताना कानात पाणी गेलं असेल, लसणाचं तेल घाला. दिवाळीनंतर सहादू शाळेत आला नाही. मी हजेरीतून त्याचं नाव कमी केलं.

तुझ्या गठ्ठ्यात त्या मुलीच्या तक्रारीची नक्कल होती. ती किती फुगवून लिहिली आहे ते मला कळावं म्हणून तू पाठवलीस. स्नेहल, सातवीत, पेठकडच्या डोंगरातून आश्रमशाळेत आलेली. तिला 'ब्रिंग'ची रूपं आली नाहीत. तू सरिता नावाच्या तिच्या मैत्रिणीला तिच्या थोबाडीत द्यायला लावलीस. सरितानं हळू मारली. पुढचं वाक्य मी उभ्यानं वाचत होते, मग बसले. 'अशी मारायची असते असे म्हणून सरांनी मला तीन वेळा मारले, तिसऱ्या वेळी कानातून रक्त आले.' हिरामण, ते माझं वाक्य आहे. चाळीस वर्षं होत आली, त्यातला एक शब्दही तू बदलला नाहीस. स्नेहलचा बाप मंगळू द्राक्षाच्या बागेतली मजुरी बुडवून तिला नाशिकला घेऊन हिंडतो आहे, कानाचा पडदा फाटलाय, शस्त्रक्रिया करूनही किती ऐकू येईल याची खात्री नाही. आणि पोरगी म्हणते, शाळेत परत जाणार नाही.

म्हणून बुधवारी मी चांदवडला गेले, सहादूला शोधायला. हायवेला त्याचं पंक्चरचं दुकान आहे. मी डाव्या बाजूनं हाक मारली, दोनदा, तीनदा. मग लक्षात आलं आणि पुढे जाऊन उभी राहिले. त्यानं ओळखलं, स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. बोलताना सगळी मान वळवून उजवा कान पुढे करतो. पाच वर्षांपूर्वी डावीकडून आलेली मोटारसायकल ऐकू आली नाही, मांडीत सळई आहे. अंबडच्या एका कारखान्यात निवड झाली होती, कान तपासला आणि परत पाठवलं. मी त्याच्या पाया पडायला वाकले तर घाबरून उठला. 'आवं बाई, काय करता? लय वर्सं झाली आता त्याला.' मी विचारलं, हिरामणचा राग येतो का? तर म्हणाला, 'त्याचा कशाला राग? मारताना त्याच्या डोळ्यातनं घळाघळा पाणी चाललं व्हतं. तुम्ही नाय बघितलं?' नाही रे हिरामण, मी बघितलं नव्हतं. मी तुझा हात बघत होते. निघताना तो एवढंच म्हणाला की लग्नाला पत्रिका दिली होती, हिरामण आला नाही, आला असता तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून एक प्रश्न मला गिळता येत नाही. स्नेहलला मारताना तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं का? माझी खात्री आहे, नव्हतं आलं. तेरा वर्षांचा तू रडत होतास आणि पन्नाशीचा तू रडला नाहीस, आणि या दोघांच्या मध्ये मी उभी आहे. याचं मला इतकं वाईट वाटतं की रात्रीचं जेवण जात नाही. पण तुझ्या पत्रात त्या पोरीच्या कानाबद्दल एक ओळ नाही, हेही मला खुपतं.

तर आता कशासाठी लिहिलं ते सांगते. तू मागितलेलं पत्र ते हे नव्हे, आणि तुझी परवानगी मागायलाही हे लिहिलेलं नाही. माझा जबाब काल रजिस्टर पोस्टानं चौकशी समितीकडे गेला, आणि सोमवारी मी स्वतः तिथे येणार आहे. तुला तो परक्याच्या तोंडून कळू नये एवढ्यासाठी हे पत्र. त्यात मी सहादूचं सगळं लिहिलंय, माझ्या नावानिशी. कसं मारायचं ते हिरामणला मी शिकवलं, पण स्नेहलवर उठलेला हात त्याचाच होता, असंही लिहिलंय. आणि शेवटी लिहिलंय की हिरामणला पुन्हा मुलांसमोर उभं करू नका. तुझी नोकरी जाईल. माझं तोंड तू पुन्हा बघणार नाहीस, हेही मी धरून चालले आहे. पण मी तीस वर्षं वर्गात उभी राहिले, आणि मला कोणी बाहेर काढलं नाही. पहिल्याच वर्षी काढायला हवं होतं.

तुझी,
वत्सलाबाई