लेण्यातलं टाकं आणि आपली खोली

विश्रामबाग, सांगली
बुधवार, दुपार

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी, जूनपासून साचलेले सगळे नमस्कार एकदम.

आपलं बोलणं बंद आहे हे मला मान्य आहे आणि ते मोडण्याचा माझा विचार नाही. परंतु बोलणं बंद म्हणजे लिहिणंही बंद, असं आपल्यात ठरल्याचं स्मरत नाही. तेव्हा हे पत्र त्या फटीतून आत सरकवतो आहे. प्रकृती ठीक असावी. साताऱ्यात यंदा थंडी फार आहे असं पेपरात वाचलं (तुमच्याकडची हकिगत मला हल्ली पेपरातूनच कळते), तर पहाटे फिरायला जाताना कानटोपी घालावी. फौजेत चोवीस वर्षं काढलेल्या माणसाला थंडी वाजत नाही, हे थंडीला कुणी कळवलेलं नसतं. वहिनींचा गुडघा कसा आहे? इकडे मंगल बरी, मी बरा, आणि गावाकडे आई आपल्या दोघांपेक्षा बरी आहे, हे पुढे कळेलच.

मला शाळेत संस्कृत शिकवायला लागून यंदा पंचवीस वर्षं झाली. त्यानिमित्त दहावीच्या एका जुन्या तुकडीनं सत्कार केला. शाल येणार म्हणून मी मान पुढे केली, तर हातात पाकीट आलं. आत छापील पत्रक: खासगी मार्गदर्शकासह एक दिवसाचं लेणीदर्शन, चहा-नाष्टा-जेवणासह, फक्त आपण आणि आपलं कुटुंब. कुटुंबाला वाचून दाखवलं. मंगल भाजी निवडत होती. म्हणाली, दगड बघायला एवढ्या लांब कशाला जायचं, घरात एक आहे की. (पंचवीस वर्षांत तिला माझ्याविषयी एवढंच निश्चित सांगता येतं.) मग जरा थांबून म्हणाली, माझ्या जागी आईंना न्या, बिचाऱ्या दिवसभर त्या बंद खोलीकडे बघत बसतात.

आता खोलीचा विषय निघालाच आहे तर तो सांगून टाकतो. तुम्हांला सगळं ठाऊक आहे, पण पुढेमागे हे पत्र एखाद्या नातवाच्या हाती लागलं तर त्याला अर्थ लागायला हवा. आप्पांच्या स्मरणार्थ गावच्या शाळेत पहिलीच्या मुलांसाठी आपण दोघांनी एक खोली बांधली. पायापासून पत्र्यापर्यंत आपलं एकदाही वाजलं नाही. वाजलं ते दारावरच्या पाटीपाशी. तुमचं म्हणणं, ‘सुभेदार (निवृत्त) नानासो’ हे सगळ्यात वर आणि ठळक हवं, कारण तुम्ही थोरले. माझं म्हणणं, सगळ्यात वर माझा श्लोक हवा, कारण श्लोक खाली शोभत नाही. आणि श्लोकापाशी अर्थातच श्लोक करणाऱ्याचं नाव. तुम्ही म्हणालात, ह्यो श्लोक गावात कुनाच्या बापाला कळनार हाय? मी म्हणालो, आपल्या बापासाठीच केला आहे. त्यावर तुम्ही दाराला कुलूप घातलंत, आणि संध्याकाळच्या एसटीनं जाऊन मी त्याशेजारी दुसरं घातलं. खोली शाळेच्या ताब्यात द्यायची राहिली ती राहिलीच. पहिलीच्या पोरांनी सगळा पावसाळा व्हरांड्यात, पागोळ्यांपासून पाय आत ओढून काढला. आपल्या घराच्या ओट्यावरून शाळा समोर दिसते हे तुम्ही जाणताच. फोनवर आईचा प्रश्न एकच असतो, “गुंडा, खोली कवा उघडनार रं?” मी म्हणतो, दादांना विचार. तुम्ही काय म्हणता हे मला तिच्याकडूनच कळतं: गुंडाला विचार.

तर रविवारी सकाळी साडेसहाला गाडी दारात आली. गाडीत चालकाच्या जागी पंचविशीतली एक मुलगी. मी अदबीनं विचारलं, मार्गदर्शक कुठे आहेत? “मीच, सर. पायल. गाडीपण मीच.” कराडची मुलगी, पाली घेऊन एम. ए. झालेली. तिच्या आजोबांनी, धोंडिरामांनी, छपन्न साली दीक्षा घेतली तेव्हापासून दर वैशाखी पौर्णिमेला घरची सगळी मंडळी त्या लेण्यांवर जातात, त्यामुळे आपल्याला शाळेच्या पायऱ्या पाठ तशा तिला डोंगराच्या. दिवसाचं वेळापत्रक तिनं आदल्या दिवशीच पाठवलं होतं, त्यात ‘११.१० ते ११.२५ : शांतता’ अशी एक नोंद होती. ती माझ्यासाठी होती हे मला अकरा वाजून बारा मिनिटांनी कळलं.

गावापाशी आई रस्त्यावरच उभी, हातात भाकरीची पिशवी. जेवण त्यांच्याकडून आहे असं मी सांगितलं. “आस्तंय की. पर ते यीस्तवर आपलं आसावं.” गाडीत बसल्या बसल्या तिनं पायलला, तू कुनाची गं, म्हणून विचारलं आणि कराडपर्यंत त्या दोघींचंच चाललं. मी मागच्या आसनावर, पिशवीशेजारी. लेणी कराडजवळच्या एका डोंगरात आहेत एवढंच लिहितो. नाव कळवलं तर तुम्ही तिथेही पाटी लावायला निघाल.

चढण उभी आहे. निम्म्यावर मी एका दगडावर बसून सह्याद्रीच्या भूस्तरांविषयी बोलायला सुरुवात केली (दम लागलेल्या माणसाला ज्ञान हा मोठाच आधार असतो). आई ऐंशी ओलांडलेली, पदर खोचून माझ्या पुढून वर गेली आणि जाता जाता पायलला म्हणाली, “त्येला बोलू दे जरा. ल्हानपनापास्नं आसंच हाय, चालायचं आलं की बोलतो.” वर पोचल्यावर चैत्यगृहात शिरलो. ही उंच कमान, आत थंडगार काळोख, मध्यभागी एकाच खडकातून कोरलेला स्तूप. मन भरून आलं आणि, खरं सांगतो, माझाच श्लोक आठवला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या छताखाली तो कसा घुमतो ते बघावं म्हणून मी पहिले दोन चरण खड्या आवाजात म्हटले. तिसऱ्या चरणाला छतातली सगळी वटवाघळं एकदम उठली आणि आमच्या डोक्यांवरून बाहेर निघून गेली. इतका तत्काळ अभिप्राय माझ्या काव्याला पूर्वी मिळालेला नाही. पायलनं घड्याळ पुढे केलं. “सर, अकरा बारा झाले.”

ती स्वतः हात जोडून स्तूपापुढे उभी राहिली. आईनं कुजबुजत विचारलं, ह्यो देव कुठला गं? “देव न्हवं, आजी. स्तूप.” मग पाया पडू का नगं? “पडा की, वाटलं तर.” आई टेकली ती चांगली दहा मिनिटं उठली नाही. बाहेर आल्यावर मी कौतुकानं विचारलं, काय मागितलंस? म्हणाली, काय न्हाई, गुडघं दुखत हुतं.

पुढच्या लेण्याच्या भिंतीवर मला अक्षरं दिसली. मी आठवडाभर ब्राह्मी लिपीचा तक्ता घोकून गेलो होतो, हे तुम्हांला वेगळं सांगायला नको. मी परीक्षेला नेहमीच तयारीनं बसत आलो आहे. ब्राह्मीत ‘क’ हे अक्षर अधिकाच्या चिन्हासारखं असतं. तसं चिन्ह मला स्वच्छ दिसलं. मी दोघींना थांबवलं, चष्मा पुसला, आणि हा ‘क’ एखाद्या दात्याच्या नावातला कसा असला पाहिजे, अलीकडचं अक्षर झिजून वाकडं का झालं असावं, असं बरंच विवेचन केलं. पायलनं मध्ये तोंड घातलं नाही, ही तिची मोठी सभ्यता. माझं संपल्यावर हळूच म्हणाली, “सर, तो क न्हाई. ते अधिकच आहे. अलीकडं एस, पलीकडं पी. खाली बदाम हुता, तो घासून काढला आमी पोरांनी गेल्या वर्षी.” आईला ते काही कळलं नाही, पण माझा चेहरा कळला. “चुकलं व्हय रं?” म्हणाली. पंचवीस वर्षं लोकांच्या चुका लाल शाईनं दाखवणाऱ्या माणसाला हा प्रश्न असा उन्हात, डोंगरावर विचारला गेला.

खरा लेख पुढे होता, एका पाण्याच्या टाक्याच्या वर. टाकं म्हणजे खडकात चौकोनी तोंडाचं खोदलेलं पाण्याचं कोठार. त्या काळच्या प्राकृतात पोढी म्हणत असं पायलनं सांगितलं. या वेळी मी गप्प होतो. ओळ अर्धीअधिक झिजलेली. तिनं बोट न लावता एकेक अक्षर दाखवलं: सुरुवातीला कुणाचं तरी नाव असणार, ते गेलं आहे, गावाचं नावही गेलं आहे. शेवटची चार अक्षरं शाबूत आहेत, ‘देयधम’. द्यायचं म्हणून दिलेलं. दान. आईनं वाकून टाक्यात बघितलं. जानेवारीत पाणी काठापासून हातभर खाली. तहान लागली होती, तर तिनं पायलकडं तिची बाटली मागितली आणि ती तोंडाला लावून प्याली. (आपल्या लहानपणी आपल्या विहिरीवर कोण कुठे उभं राहायचं, पाणी कोण कुणाला वरून ओतायचं, हे तुम्हांलाही आठवत असेल. आई काहीच विसरलेली नाही. तिच्या पिशवीत तिचा भरलेला तांब्या होता.)

मग पदरानं तोंड पुसत तिनं विचारलं, “आन् नाव कुनाचं हुतं म्हनं?”

“ते पुसलं, आजी. कुनालाच ठावं न्हाई आता.”

“बरं झालं बाई,” आई म्हणाली. “न्हाईतर त्येच्या पोरांनी भांडून टाक्याला कुलूप घाटलं आस्तं.”

दादा, ती हे माझ्याकडे बघून म्हणाली नाही. पाण्याकडे बघूनच म्हणाली. पायल हसली, कारण तिला आपली गोष्ट ठाऊक नव्हती. नंतर आम्हां दोघांकडे बघून हसायची थांबली. खाली उसाच्या पट्ट्यांतून कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

मी संस्कृताचा माणूस, मला दुःख झालं की व्याकरण आठवतं. ज्याच्या मालकीचं त्याची षष्ठी: रामाचा, दादांचा, गुंडाचा. पण ‘देणे’ या क्रियापदाला षष्ठी लागत नाही. ज्याला द्यायचं त्याची चतुर्थी होते. मराठीतही स, ला, ना. आठवीच्या वर्गाला मी हे दरवर्षी शिकवतो, न शिकणाऱ्याला पाच वेळा लिहून आणायला लावतो. आणि जूनपासून आपण दोघं प्रौढ माणसं, एक सुभेदार आणि एक मास्तर, ‘चा, ची, चे’साठी दोन कुलुपं घालून बसलो आहोत. पाटीवर ज्यांची चतुर्थी व्हायला हवी ती पोरं व्हरांड्यात आहेत. त्यांच्यातली काही आता पहिली संपवून दुसरीत जातील, खोलीत पाऊल न टाकताच.

असो. लेणी पाहण्यासारखी आहेत. तुम्हीही एकदा जाऊन यावं, गुडघ्याची सोय बघून वहिनींनाही न्यावं. मी तुमच्याकडे काही मागण्यासाठी हे लिहिलेलं नाही, केवळ प्रवासवर्णन म्हणून लिहिलं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा,
गुंडा

ता. क. तुमच्या कुलपाची किल्ली पाठवावी. माझी मी काढून टेबलावर ठेवली आहे.

ता. क. २. पाटीवर तुमचं नाव वर असायला माझी हरकत नाही. खाली असायलाही नाही. नसायलाही नाही. मला विचाराल तर फक्त ‘पहिलीच्या मुलांना’ एवढंच असावं. श्लोक मी मागे घेतो. (त्याच्या तिसऱ्या चरणात एक मात्रा जास्त होत होती. तुम्हांला कळली नसती. वटवाघळांना कळली.)

ता. क. ३. पाकीट चिकटवणार एवढ्यात गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका रेश्माबाईंचा फोन आला, म्हणून शेजारच्या कोऱ्या जागेत लिहितो. किल्ली पाठवू नका. सोमवारी सकाळी आईनं सुताराला बोलावून कोयंडाच दारातून उपसून काढला. दोन्ही कुलुपं बंदच्या बंद, त्या कोयंड्यात लटकलेली, आपल्या ओट्यावर ठेवली आहेत. रेश्माबाई घाबरून म्हणाल्या, तुमच्या मुलांना विचारायला नको का? तर म्हणाली, “कुलपं त्येंची हायती, त्येंनी यून घिऊन जावीत. दार माज्या मालकाचं हाय.” पहिलीचा वर्ग परवापासून आत बसतो आहे. आपल्याला कुणी कळवलं नाही, कारण आपलं कुणाला काही काम पडलं नाही.

कुलूप एकट्याला मिळणार नाही, असा आईचा निरोप आहे. दोघं एकदम आलो तरच. तेव्हा येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं गावी या, मी आधीच येऊन थांबतो. बोलायला सुरुवात मी करीन, धाकट्यानंच करायची असते. तुम्ही थोरले, तुम्हांला नुसतं ‘हं’ म्हणायचं आहे.