उजेडासाठी बसलेली आई

३ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

कलादालनाच्या बाईंना दाखवायचे वीस फोटो पार्सलने पाठवलेत. जन्मभर पासपोर्टचे फोटो काढणाऱ्याला तिथे वेळ मिळाली, ती तुझ्या खटपटीने. पूल, धुकं, पक्षी, सगळे सुरेख आलेत. भोवतीचे पुठ्ठ्याचे माउंट तू कापशीलच. त्यात तुझा हात कोण धरणार? फोटो एकमेकांना घासू नयेत म्हणून मध्ये दुकानातले रद्दी फोटो घातलेत. ते टाकून दे.

माया आहे तशीच ठेव.
दादा

११ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल आधी आलं, पत्र चार दिवसांनी. तोवर मी घोळ घालून बसले होते. तुझे पक्षी पालथे आणि मधले फोटो उताणे, म्हणून मला वाटलं हेच निवडलेले. वीसही माउंट त्यांनाच लावले.

दादा, ही तर आई. रोज दुकान उघडलं की गिऱ्हाइकाच्या खुर्चीत तिला बसवून तू उजेड जुळवायचास, हे मी विसरलेच होते. फोटो भिंतीशी ओळीने लावले. पहिल्यात केस काळे, मांडीवर भाजीची पिशवी. पुढे चष्मा येतो. मग खांदे हळूहळू खुर्चीच्या पाठीखाली उतरत जातात. शेवटच्यात नुसती खुर्ची, आणि उजेड बरोबर तिच्या चेहऱ्याच्या जागी. आमचे हे चहा घेऊन आले, ते कप धरून उभेच राहिले.

भेट चोवीसला, आणि बाई पुन्हा वेळ देत नाहीत. पक्षी नेऊ की आई? तुझ्या शब्दाबाहेर मी नाही.

भाची मामाची वाट बघते, विसरू नकोस.
धाकटी

१६ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

नाकाची सावली पडते का, भिंत पांढरी येते का, एवढंच मी पाहायचो. ती विचारायची, जमलं का रे? मी जमलं म्हणायचो, की ती उठायची. काल खोकी उघडली. असे चार हजारांवर फोटो निघाले. देवापुढे बसलो, तर मागायला काही सुचेना.

आईलाच ने. फोटोंच्या पाठीवर मी पेन्सिलीने ‘रद्दी’ लिहिलंय, ते खोडू नकोस. काढणाऱ्याला काय दिसलं नव्हतं, ते बाईंनाही कळू दे.

खुर्चीचा फोटो मी अजून रोज काढतो. उजेड जुळला की हात उगाच थांबतो. आज त्या खुर्चीला मोठ्याने सांगितलं, जमलं.

तुम्हा सर्वांवर त्याची कृपा राहो.
दादा