टच अँड गो म्हणजे काय

प्रिय जोएल,

प्रिय लिहिलं ते सवयीने. फोन तू कापतोस, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय.

बाबांना नंदुरबारच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा डॉक्टर बाहेरचे, त्यांचं इंग्रजी आम्हाला कळेना. घरात इंग्रजी येणारा तू एकटा, म्हणून तुला फोन लावून त्यांच्या हातात दिला. स्पीकर चालू होता. ‘टच अँड गो’ हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. डॉक्टर निघून गेल्यावर मी तुला विचारलं, म्हणजे काय रे? तू म्हणालास, “अगं ताई, धोका शिवला आणि निघून गेला. आईला घरी ने, किती दिवस झोपली नाही ती.”

मी केवढी खूश झाले! आई उठायला तयार नव्हती. “डोळे उघडले नि मी दिसले नाही तर घाबरतील ते,” एवढंच म्हणत होती. जोएल स्वतः डॉक्टरांशी बोललाय, असं सांगून मी तिला हाताला धरून उठवलं. वीरसिंगकाकांना बाबांजवळ बसवलं आणि दुपारच्या एसटीने तिला नवापूरला आणलं. तिने चूलही पेटवली नव्हती, तोच काकांचा फोन. बाबा गेले. शेवटपर्यंत दाराकडे बघून तिलाच हाका मारत होते म्हणे.

मातीला तू आला नाहीस. भर समुद्रात आहे म्हणालास. मी मानलं.

पंधरवड्यापूर्वी तुझ्याच जहाजावरचा ईश्वर खांडबाऱ्याहून भेटायला आला. मी त्याला तो शब्द विचारला. तो म्हणाला, “आमच्या जहाजावरचाच शब्द तो. उथळ पाण्यात जहाजाचा तळ वाळूला घासतो. सुटलं तर सुटलं, नाहीतर रुतलं. काहीच सांगता येत नाही. तेव्हा कुणी जागा सोडत नाही.” मग सहज बोलून गेला, “आम्ही तर तेव्हा हजिऱ्याच्या बंदरातच उभे होतो. बढती अडकेल म्हणून जोएल उतरला नाही.”

हजिरा! सुरतेच्या पलीकडे. सकाळी निघाला असतास तर दुपारी बाबांच्या उशाशी असतास. तुला यायचं नव्हतं, तर नको येऊस. पण आईला का उठवायला लावलंस? आणि तेही माझ्या हातून?

आई माझ्याशी बोलत नाही, जोएल. मी वाढलेलं ताट ती तसंच ठेवते. रविवारी मंडळीत प्रार्थनेच्या वेळी माझ्याशेजारून उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली, सगळ्यांदेखत. “तूच ओढून नेलंस मला,” एकदाच म्हणाली. नवरा गेला, आता मुलगाही मनातून उतरला तर ती कशावर जगेल, म्हणून मी तुझं नाव घेतलं नाही. पण माझ्याने आता होत नाही. तू ये. तिच्यासमोर जमिनीवर बस आणि तुझ्या तोंडाने सांग. या महिन्यात आला नाहीस, तर मी सांगेन, आणि तुझी बाजू घेऊन सांगणार नाही.

अजून तरी तुझीच,
मार्थाताई